इंग्रजीतला हरवलेला 'तू'

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना माझ्या तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा छाटलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजचा विषय एक शब्द आहे. इंग्रजी शब्द. स्पेलिंग टी-एच-ओ-यू, उच्चार 'दाऊ'. शाळेत शेक्सपिअरचा धडा असेल तर तुम्ही तो पाहिला असेल, नाहीतर मार्वलच्या जुन्या कॉमिक्समधल्या थॉरच्या तोंडी. पण मी या शब्दाच्या मागे कसा लागलो, ते आधी सांगतो. कारण त्यात माझी एक चूक आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. किराणा सामान घरपोच देणारं ॲप. खरं तर दोन ॲप्स: एक ग्राहकांचं, एक सामान पोचवणाऱ्या रायडर्सचं. मराठी भाषा टाकायची ठरली आणि टीममध्ये घरी मराठी बोलणारा मी एकटाच. मॅनेजर म्हणाला, "तुझं मराठी चांगलं आहे ना, बघून टाक." झालं. एक भलीमोठी शीट आली. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे रिकामा चौकोन. दोन-तीन रात्री बसून मी ती भरली.

ग्राहकाच्या ॲपमध्ये लिहिलं, "तुमची ऑर्डर निघाली आहे." रायडरच्या ॲपमध्ये लिहिलं, "तुला उशीर झाला आहे." "तुझं आजचं टार्गेट पूर्ण झालेलं नाही." इंग्रजी शीटमध्ये दोन्हीकडे एकच शब्द होता, 'यू'. तुम्ही आणि तू ही वाटणी माझी. मला कोणीही सांगितलेली नव्हती.

कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे कारणं तयार होती. 'तू' छोटा आहे, बटणावर मावतो. 'तू' मध्ये आपलेपणा वाटतो. ही दोन्ही कारणं मी स्वतःला खरीच वाटून घेतली होती.

नंतर महिन्याभराने आम्हाला हडपसरच्या हबवर पाठवलं, ॲप कसं चाललंय ते बघायला. तिथे एक रायडर होते. माझ्या वडिलांच्या वयाचे असतील, केस पांढरे, गाडीला लिंबू-मिरची. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि हसत विचारलं, "साहेब, हे मशीन आम्हाला अरे-तुरे का करतं?"

ते हसत होते. मला हसता येईना. मशीन कुठे करत होतं, मी करत होतो.

त्या रात्री मी ती इंग्रजी शीट परत उघडली, जणू काही चूक तिची असावी. आणि डोक्यात आलं की इंग्रजांकडे हा घोळच नाही. राजा असो की वेटर, सगळ्यांना 'यू'. किती सोपं! मग शोधायला बसलो आणि कळलं की त्यांच्याकडेही हा घोळ होता. चांगला काही शतकं होता. त्यापायी लोकांनी मार खाल्लाय.

तर, दाऊ. आज हा शब्द ऐकला की आपल्याला काय वाटतं? काहीतरी भारदस्त. चर्च, प्रार्थना, तलवार घेतलेला सरदार. मला कॉलेज संपेपर्यंत वाटायचं की दाऊ म्हणजे 'आपण, महाराज' अशा थाटाचा शब्द आहे. नेमकं उलटं आहे. दाऊ म्हणजे 'तू'. साधा, घरगुती, एकेरी तू. आईला म्हणायचा, कुत्र्याला म्हणायचा, भांडताना म्हणायचा तो तू.

आणि नुसता अर्थ सारखा नाही, दोन्ही शब्द एका रक्ताचे आहेत. संस्कृत 'त्वम्', लॅटिन 'तू', आपला 'तू' आणि इंग्रजांचा दाऊ, सगळे चुलत भाऊ. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू माहीत असतील, त्यातल्या मोठ्या भावाने, याकोबने, भाषांचाही अभ्यास केला होता. त्याने दाखवलं की आपल्याकडच्या 'त' च्या जागी जर्मन-इंग्रजी कुळातल्या भाषांत ठरावीक बदल होऊन 'थ' सारखा आवाज येतो. आपलं तीन, त्यांचं थ्री. संस्कृत तृष्णा, त्यांचं थर्स्ट. आपला तू, त्यांचा दाऊ. क्रियापदाची शेपटीही तशीच. दाऊ असेल तर 'हॅव्ह' चं 'हॅस्ट' होतं, 'डू' चं 'डूस्ट'. तो 'स' ऐका आणि मग आपल्या 'जातोस', 'करतोस' मधला 'स' ऐका. संस्कृतात 'गच्छसि'. समोर एकच माणूस आहे, हे सांगणारा हा 'स' हजारो वर्षं दोन्ही घरांत टिकला. मग एका घराने तो टाकून दिला.

जुन्या इंग्रजीत हिशोब सरळ होता. एक माणूस असेल तर दाऊ, म्हणजे तू. तुला म्हणायचं असेल तर 'दी', तुझा म्हणायचं असेल तर 'दाय'. एकापेक्षा जास्त असतील तर 'ये', म्हणजे तुम्ही. आणि आपला आजचा लाडका 'यू'? तो मूळचा 'तुम्ही' नव्हेच, तो होता 'तुम्हाला'! पुढे 'ये' गळून पडला आणि 'यू' नेच दोन्ही कामं अंगावर घेतली. (जाता जाता: इंग्लंडमधल्या दुकानांवर 'ये ओल्ड शॉप' असं लिहिलेलं दिसतं, तो 'ये' हा नव्हे. तो 'द' आहे. 'थ' साठी इंग्रजीत पूर्वी वेगळं अक्षर होतं, छापखान्यांत ते सापडेना, म्हणून त्याच्यासारखं दिसणारं वाय वापरायचे. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की चौकोन दिसतो ना, त्याचं पाचशे वर्षांपूर्वीचं रूप समजा.)

इथवर आदर-बिदर काही नव्हता. राजालाही तूच. गडबड झाली 1066 नंतर. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बोलणारे लोक आले. फ्रेंचांत मोठ्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचनात बोलवायची पद्धत. आपल्याकडच्या आदरार्थी बहुवचनासारखीच. ही सवय हळूहळू इंग्रजीत उतरली, आणि तेराव्या-चौदाव्या शतकापासून एकट्या माणसालाही 'ये' आणि 'यू' म्हणणं सुरू झालं. साहेबाला यू, नोकराला दाऊ. बापाला यू, पोराला दाऊ. अनोळखी माणसाला यू, जिवलगाला दाऊ. थोडक्यात आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे.

आपण 'अरे-तुरे करणं' असं क्रियापद वापरतो ना? त्यांच्याकडेही दाऊचं क्रियापद होतं. 'तो मला दाऊ करतोय' असं म्हणता यायचं. आणि ते कुठे वापरायचं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट' मध्ये एक मूर्ख सरदार द्वंद्वाचं आव्हान देणारी चिठ्ठी लिहिणार असतो. त्याचा बेरकी दोस्त त्याला सल्ला देतो की समोरच्याला दोन-तीनदा दाऊ म्हण, बिघडत नाही. प्रेक्षक का हसत असतील हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. सिग्नलला दोन गाड्या घासल्यावर पहिली दोन वाक्यं 'अहो, बघून चालवा की' अशी असतात आणि तिसऱ्याला एकजण म्हणतो, 'ए, तू कोणाला शिकवतोस?' तिथून पुढे काय होतं, माहितीये.

पण नाटकापेक्षा खऱ्या कोर्टातला प्रसंग जास्त बोचरा आहे. साल 1603. सर वॉल्टर रॅले, राणी एलिझाबेथचा एकेकाळचा मर्जीतला सरदार, दर्यावर्दी, कवी. राणी गेली, नवा राजा जेम्स आला आणि रॅलेवर राजद्रोहाचा खटला भरला. लंडनमध्ये प्लेगची साथ होती म्हणून खटला विंचेस्टरला चालला. सरकारी वकील होता एडवर्ड कोक. इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात आजही मोठ्या मानाने घेतलं जाणारं नाव. त्या दिवशी मात्र कोक इतका खवळला की भर कोर्टात त्याने रॅलेला साप म्हटलं आणि वर ठासून सांगितलं की हो, मी तुला दाऊच म्हणतोय, गद्दारा.

हे बघा, नुसतं एकेरीवर येणं वेगळं आणि 'मी एकेरीवर आलोय, नीट ऐक' हे सांगणं वेगळं. पदवी, पराक्रम, राणीची मर्जी, सगळं एका सर्वनामात काढून घेतलं. रॅलेला मृत्युदंडाची शिक्षा झाली. ती लगेच अमलात आली नाही, अनेक वर्षं टॉवरमध्ये कैदेत काढल्यावर 1618 मध्ये त्याचं डोकं उडवलं. पण मला वाटतं विंचेस्टरच्या त्या सभागृहात बसलेल्यांना निकाल 'दाऊ' ऐकला तेव्हाच कळला असेल.

याच काळातला एक इंग्रज आपल्या ओळखीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स. 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये तिथेच वारले. मधल्या काळात मराठी अशी शिकले की जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यांनी कोकणीचं व्याकरणही लिहिलं. आजचा इंग्रज मराठी शिकायला बसला की त्याची पहिली दांडी तू, तुम्ही, आपण इथे उडते. माझा अंदाज असा की स्टीफन्सना तेवढा त्रास झाला नसेल. ते ज्या इंग्लंडमधून निघाले होते, तिथे तू अजून शाबूत होता.

बरं, मग भारदस्तपणा कुठून आला? बायबलमधून. विल्यम टिंडेल नावाच्या विद्वानाने 1526 मध्ये नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर छापलं. मूळ ग्रीकमध्ये एकवचन-अनेकवचन वेगळं आहे, तर त्यानेही सरळ एकाला दाऊ, अनेकांना ये असा नियम पाळला. मग तो देव असो, सैतान असो की भिकारी. टिंडेलला पुढे 1536 मध्ये धर्मद्रोही ठरवून मारलं, पण 1611 चं राजा जेम्सचं प्रसिद्ध बायबल बऱ्याच अंशी त्याच्याच वाटेने गेलं. पुढच्या शंभरेक वर्षांत बाजारातून, घरातून, कोर्टातून दाऊ नाहीसा होत गेला. उरला फक्त बायबलात आणि प्रार्थनेत. त्यामुळे नंतर जन्मलेल्या माणसाला दाऊ ऐकू यायचा तो फक्त देवासमोर. तो शब्द सोवळ्यात गेला. जवळिकीचा शब्द, ज्याच्यावर धूळ बसून बसून तो दूरचा झाला.

आपलं तसं झालं नाही, याचं मला बरं वाटतं. आपण विठ्ठलाला तू म्हणतो आणि त्याच तोंडाने मुलाला, मित्रालाही तू म्हणतो, म्हणून देवाला म्हटलेला तू अजून घरचा वाटतो. तहसीलदाराला मात्र आपण! विठ्ठलाला तू आणि तहसीलदाराला आपण. नेमका हाच मुद्दा सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही लोकांनी उचलला, आणि त्याची किंमत मोजली.

त्यांचं नाव क्वेकर. जॉर्ज फॉक्स नावाच्या तरुणाने 1650 च्या आसपास हा पंथ उभा केला. पुरोहित नको, शपथ नको, हिंसा नको, आणि कोणापुढे टोपी काढणार नाही. बोलण्याचा नियम एकच, समोर एक माणूस असेल तर त्याला दाऊ. न्यायाधीश असला तरी, जमीनदार असला तरी. त्यांचं म्हणणं, एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं, खुशामत. देवाला दाऊ चालतो आणि तुम्हाला चालत नाही म्हणजे तुम्ही देवापेक्षा मोठे का?

तर्क म्हणून बिनतोड आहे. 1660 मध्ये फॉक्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी यावर चक्क एक जाडजूड पुस्तक काढलं. तीसहून जास्त भाषांतली उदाहरणं देऊन दाखवलं की एकाला एकवचन हेच सगळीकडचं व्याकरण आहे. इंटरनेटवर भांडणाऱ्या माणसाने पुरावे म्हणून तीस लिंक चिकटवाव्यात, तसा प्रकार. मला हे लोक आवडतात.

पण समोरच्याच्या कानाला हा तर्क ऐकू येत नव्हता. त्याला ऐकू येत होतं अरे-तुरे.

टॉमस एलवूड हा वीस वर्षांचा मुलगा. ऑक्सफर्डशरमधल्या क्रोवेल गावच्या जमीनदाराचा पोरगा, वडील तिथले न्यायदंडाधिकारीही. काळ 1659 च्या अखेरीचा. म्हणजे इकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला, साधारण त्याच हिवाळ्यात तिकडे या घरात युद्ध पेटलं. टॉमस क्वेकरांच्या बैठकीला जाऊन आला आणि बापासमोर डोक्यावरची टोपी न काढता उभा राहिला. बापाने दोन्ही मुठींनी मारलं, टोपी हिसकावली. पोराने दुसरी घातली, तीही गेली. असं करत घरातल्या त्याच्या सगळ्या टोप्या जप्त झाल्या. थंडीत उघड्या डोक्याने बाहेर जाता येईना, म्हणून पोरगा घरातच अडकला.

टोपी गेली तरी जीभ होतीच. एलवूडने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की टोपीचा प्रश्न मिटला तरी वडिलांशी बोलायची वेळ आली की भाषा आड यायची. 'यू' म्हणायला मन धजेना, आणि दाऊ म्हटलं की मूठ पडायची. बापाने धमकी दिली ती आपल्या ओळखीचीच आहे: पुन्हा मला एकेरी बोललास तर दात घशात घालीन.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा पहिल्यांदा पोराच्या बाजूने होतो. मग विचार केला, मी उद्या सकाळी उठून बाबांना म्हणालो, "ए, तू चहा घेतलास का?" तर? आमच्या घरी आईला तू आणि बाबांना अहो. कोणी ठरवलं, माहीत नाही. आई बाबांना अहो म्हणते, बाबा आईला अगं. आजीने आजोबांचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. बहीण नवऱ्याला नावाने हाक मारते, तू म्हणते, आणि सासूबाई खोलीत आल्या की त्याच वाक्यात अहोवर येते. रनटाइमला टाइप बदलतो. तिचा मुलगा बापाला "ए बाबा" म्हणतो आणि कोणाला काही वाटत नाही. पण मी म्हणून बघायची माझी हिंमत नाही. बाबा मारणार नाहीत. नुसते बघतील. ते जास्त जड जाईल.

एलवूडच्या बापाला पोरगा म्हणत होता की मी तुम्हाला देवाइतकंच मानतो. बापाला ऐकू येत होतं की तुम्ही आता माझे कोणी नाही. दोघंही तोच शब्द ऐकत होते.

आणखी एका घरातली हकीकत जरा हलकी आहे. विल्यम पेन, ज्याच्या घराण्याच्या नावावरून पेनसिल्व्हेनिया हे नाव पडलं तो, नौदलातल्या ॲडमिरलचा मुलगा. तोही क्वेकर झाला. बाप वैतागला, रागावला, शेवटी तडजोडीवर आला. पेनच्या चरित्रांत येतं की बापाने सांगितलं, जगाला काय एकेरी बोलायचं ते बोल, फक्त तिघांना सोड: राजा, राजाचा भाऊ आणि मी. 'आणि मी' यात बाप लोकांची सगळी गंमत आहे.

मग दाऊ मेला कसा? कायदा झाला नाही, कोणी फतवा काढला नाही. मला पटणारं कारण असं की लंडन वाढत होतं. गावात कोण कोणाचा कोण हे ठाऊक असतं. शहरात समोरचा माणूस कापडाचा व्यापारी आहे, कारकून आहे की सरदाराचा मेहुणा, कळायला मार्ग नाही. चुकून दाऊ म्हटलं तर भांडण. चुकून यू म्हटलं तर फार तर तो खूश होईल. समोरचा कोण हे माहीत नसेल तर सुरक्षित पर्याय निवडायचा, आम्ही कोड लिहिताना हेच करतो. सतरावं शतक संपेपर्यंत लंडनच्या रोजच्या बोलण्यात यू हाच डिफॉल्ट झाला. त्यात दाऊ म्हणणारा म्हणजे क्वेकर, असा शिक्का बसल्यावर इतरांना तो शब्द आणखीच नकोसा झाला असणार. यॉर्कशरकडच्या खेड्यांत तो 'दा' च्या रूपात राहिला. तिथेही पोराने मोठ्यांना दा केलं की दटावणी ठरलेली.

क्वेकरांचं काय झालं? सगळ्यांना एकच सर्वनाम, ही त्यांची मागणी. ती पूर्ण झाली, पण उलट्या दिशेने. सगळ्यांना तू व्हायच्या ऐवजी सगळे तुम्ही झाले. आणि क्वेकरांचा तू त्यांच्या घरात, आपसात राहिला. त्यांनी तर पुढे पुढे 'दी' च वापरायला सुरुवात केली, म्हणजे 'तू आहेस' च्या जागी 'तुला आहे' म्हटल्यासारखं. जो शब्द सगळ्यांना एका पातळीवर आणायला वापरला, तोच 'हे आपल्यातले' ओळखायची खूण बनला. (पुढे तीनशे वर्षांनी स्वीडननी उलटं करून दाखवलं. 1967 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी सांगितलं की मी कर्मचाऱ्यांना तू म्हणणार, त्यांनीही मला तू म्हणावं. वारं आधीपासून वाहत होतंच, पण बघता बघता देश एकेरीवर आला.)

रेक्सेद यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. 'त्यांनीही मला.' 1960 मध्ये रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी या तू-तुम्हीवर एक निबंध लिहिला, भाषा शिकणाऱ्यांमध्ये तो फार प्रसिद्ध आहे. त्यातली एक गोष्ट मला हबवरच्या त्या काकांपाशी परत घेऊन गेली. ते म्हणतात की शब्द कोणता यापेक्षा तो परत येतो का, हे बघा. मी तुला तू आणि तू मला तू, तर ती दोस्ती. मी तुला तू आणि तू मला तुम्ही, तर ती सत्ता.

आपल्याकडे हे निबंध वाचून शिकायची गरज नाही. दलित वस्तीतल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला वाड्यातलं दहा वर्षांचं पोरगं नावापुढे 'या' लावून, ए गण्या, ए धोंड्या, अशी हाक मारायचं आणि म्हातारा त्या पोराला मालक म्हणायचा. फार जुनी गोष्ट नाही. आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना आपल्या सोसायट्यांमध्ये कोण काय म्हणतं, ते उद्या कान देऊन ऐका.

मी रायडरचं ॲप पुन्हा उघडून बसलो, तेव्हा मला एक स्क्रीन सापडली जी मी पार विसरलो होतो. ग्राहकाला पाठवायचे तयार मेसेज. रायडरने टाइप करायला नको, बटण दाबलं की जातं. तिथे मी लिहिलं होतं, "मी पोहोचलो आहे, आपण कृपया खाली याल का?" आणि त्याच स्क्रीनवर वरच्या पट्टीत, "तुला 4 मिनिटं उशीर झाला आहे." खालून वर 'आपण'. वरून खाली 'तू'. एका तळहातावर मावणाऱ्या काचेवर मी पूर्ण वाडा उभा केला होता, आणि स्टँडअपमध्ये सांगितलं होतं की मराठीचं काम झालं.

बटणावर मावत नाही ही सबब तपासून पाहिली. "तुम्हाला उशीर झाला आहे" व्यवस्थित मावत होतं. शेवटी फॉन्टही कमी करावा लागला नाही.

रायडरच्या ॲपमधले सगळे तू, तुला, तुझं शोधून बदलले. नुसतं शोधा-आणि-बदला चालत नाही हां, 'आहेस' चं 'आहात' करायला लागतं, 'केलास' चं 'केलात'. दाऊबरोबर त्याची 'स' ची शेपटी गेली तशीच. बदल रिव्ह्यूला टाकला. रिव्ह्यू करणारा बंगळुरूचा, मराठी अजिबात न येणारा. त्याने कमेंट टाकली: इंग्रजी वाक्य तर तेच आहे, मग बदललं काय?

मी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत 'यू' चे मराठीत दोन अर्थ होतात इथून सुरू केलं, मग आदरार्थी बहुवचन, मग दाऊ, मग रॅले, आणि एलवूडच्या टोप्यांपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की कमेंटचा बॉक्स स्क्रीनच्या बाहेर चाललाय. सगळं खोडलं. लिहिलं: "रायडर्सना अपमानास्पद वाटत होतं. दुरुस्त केलं." दोन मिनिटांत अप्रूव्ह झालं. खोडलेलं सगळं या भागात वापरलं.

तर तुमच्या घरी कोण कोणाला तू म्हणतं, आणि कोणाला उलट म्हणता येत नाही, ते व्हॉइस नोटवर पाठवा. नावं नकोत, नाती सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. आणि हो, मी तुम्हाला सुरुवातीपासून तुम्हीच म्हणतोय. तुम्ही मला तू म्हणालात तरी चालेल.